चकचकीत रिव्हॉल्व्हर आणि पुसलेला डेटा

जुनी ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्यांची एक गोष्ट नवख्याला चक्रावून टाकते. एक वेब्ली नव्यासारखं चकचकीत केलेलं, दुसरं डागाळलेलं, कडा झिजलेलं, पण कुणी हात न लावलेलं. जाणकार माणूस बहुतेक वेळा दुसरंच उचलतो. का, ते संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला वाटतं.

आधी थोडी ओळख. बर्मिंगहॅमला बनणारं वेब्ली ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलं. त्याचं मार्क ६ हे रूप १९१५ चं. पुढे १९३२ मध्ये एनफिल्ड नंबर २ आलं. या सगळ्यांवर ठसे असतात: अनुक्रमांक, मार्क, चाचणीचे शिक्के, सरकारी मालकीचा बाण. टोकाला टोक भिडलेले दोन बाण दिसले, की समजायचं, हे सैन्याने विकून टाकलं होतं. थोडक्यात, वस्तूचा प्रवास धातूवरच लिहिलेला असतो.

रिस्टोअर करताना गंजाचे खड्डे घालवायला पृष्ठभाग घासतात आणि मग नव्याने ब्लूइंग करतात, म्हणजे रसायनांनी मॅग्नेटाइट या लोह-ऑक्साइडचा पातळ थर चढवतात. थर परत आणता येतो, घासून गेलेलं पोलाद नाही. ठसे पुसट होतात ते कायमचे.

एनफिल्डचंच बघा. १९३८ मध्ये 'मार्क १ स्टार' आलं. त्यात घोडा अंगठ्याने ओढायचं टोक काढून टाकलं होतं. रणगाड्यात ते अडकायचं, असं कारण सांगतात. आधीची बरीच रिव्हॉल्व्हरही नंतर तशीच बदलली गेली. आता अशा एखाद्याला 'मूळ रूप' द्यायचं म्हणून कुणी टोकाचा घोडा बसवला आणि वरचे ठसे घासले, तर ते दिसेल झकास. पण त्याच्या आयुष्यात खरोखर घडलेला बदलच पुसला गेला.

एक गंमत मात्र आहे. ठसा मारताना खालचा धातूही दाबला जातो. त्यामुळे फार खोल घासलं नसेल, तर आम्लयुक्त द्रावण लावल्यावर तो भाग वेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला क्रमांक कधीकधी पुन्हा दिसतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हे तंत्र वापरतात.

आपल्या फाइलला असा दाबलेला थर नसतो. दुसऱ्या वर्षी मी एका नमुन्याचा एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख 'स्वच्छ' केला आणि मूळ फाइलवरच सेव्ह केला. पुढे प्रश्न आला, त्यातला तो बारीक उंचवटा नॉइज होता की अशुद्धी? नमुना संपला होता. तो निष्कर्ष मला सोडून द्यावा लागला.

म्हणून चांगल्या संग्राहकाची पद्धत उचला. तो तेल लावून गंज थांबवतो, ते जतन झालं. काही बदलायचंच असेल तर आधी फोटो काढतो आणि काय बदललं ते लिहून ठेवतो. आपणही मूळ डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये रीड-ओन्ली ठेवायचा, काम फक्त प्रतीवर करायचं आणि प्रत्येक पायरी वहीत नोंदवायची. हे आजच करा, पहिला आलेख काढायच्या आधी.