कौल मागण्याची रीत

देवळात कौल लावताना गाऱ्हाणे नीट घालावे लागते, हे गोमंतकीयांस कोणी सांगावयास नको. प्रश्नच संदिग्ध असला तर उजव्या कौलासही अर्थ उरत नाही. लोकशाहीतील कौलाची गोष्ट याहून निराळी नाही.

आपल्याकडे राज्यघटनेत दुरुस्ती करावयाची ती 368 व्या कलमान्वये संसदेने. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, परंतु मतदारास कोणी विचारीत नाही. अमेरिकेचे संघराज्यही आपली घटना मतदारांपुढे नेत नाही. तेथील पन्नास घटकराज्यांची रीत मात्र वेगळी आहे. प्रत्येक राज्यास स्वतःची घटना आहे आणि एकटे डेलावेअर वगळले तर विधिमंडळाने सुचविलेली दुरुस्ती मतदारांनी मान्य केल्याविना अमलात येत नाही. कित्येक राज्यांत तर विधिमंडळास वळसा घालून नागरिकच सह्या गोळा करून दुरुस्ती मांडू शकतात. ऑरेगनने हा अधिकार 1902 साली दिला. कॅलिफोर्नियात त्यासाठी गव्हर्नरच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या आठ टक्के सह्या लागतात.

जनतेच्या हाती एवढी सत्ता असावी काय? अलाबामाच्या 1901 च्या घटनेस नऊशेंहून अधिक दुरुस्त्या चिकटल्या. घटनेची अशी चोपडी होणे कोणासही भूषणावह नाही. म्हणून बहुमताची अट कडक करावी, असे कित्येकांस वाटते, आणि ते सर्वस्वी चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु अट कोण घालतो आणि कशी घालतो, ह्यास महत्त्व आहे. फ्लॉरिडात 2006 साली साठ टक्क्यांची अट मंजूर झाली. ती मंजूर करणारी मते मात्र साठ टक्क्यांहून कमी होती! ओहायोत ऑगस्ट 2023 मध्ये तशीच अट मतदारांपुढे आली. त्यांनी ती झिडकारली. परिणाम पाहण्याजोगा आहे. गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती ओहायोत नोव्हेंबर 2023 मध्ये सुमारे 57 टक्के मतांनी घटनेत दाखल झाली. फ्लॉरिडात 2024 साली त्याच विषयावरील दुरुस्ती जवळजवळ तेवढीच मते मिळवूनही पडली. त्या विषयावर कोणाचे काहीही मत असो, मापच निराळे असले की सारखेच धान्य एकीकडे भरते आणि दुसरीकडे उणे पडते, हे खरे.

हे सारे आम्हांस दूरचे वाटत नाही. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यानेही कौल दिला. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने 1,72,191 मते पडली. अनेकांची मने त्या दिवशी दुखावली. तरीही तो निकाल टिकला, कारण प्रश्न स्वच्छ होता, ‘दोन पाने’ आणि ‘फूल’ ह्या निशाण्या निरक्षरासही उमगत होत्या आणि नियम आधीच ठरलेला होता.

घटना हा रोजच्या व्यवहाराचा कायदा नव्हे. तिला हात लावण्यापूर्वी मोठी संमती मागावी, हे योग्यच. पण जो साठ टक्के मागतो, त्याने ती अट आधी साठ टक्क्यांनीच मिळवावी. पराभूतासही मानावासा वाटेल, तोच खरा कौल.