1165 चौकटी

मोडी वाचायला मी जुन्या कागदांवरून, एकट्यानेच शिकलो. त्यामुळे एखादी लिपी संगणकात बसवताना तिचे काय होते, हे पाहण्याची मला खोड आहे. त्याच खोडीपायी यंदा मी चीनमधल्या दक्षिण सिच्वानच्या ल्यांगशान डोंगरात, नोसू लोकांच्या यी लिपीपर्यंत पोचलो.

आपल्या बाराखडीत का, कि, कु या सगळ्यांत ‘क’ दिसतो. यीमध्ये तसे नाही. तिथे एक चिन्ह म्हणजे सुरासकट एक अख्खे अक्षर, आणि एकाच व्यंजनाची चिन्हे एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. भाषेत सूर चार. तिघांना स्वतःची चिन्हे आहेत. चौथ्यासाठी बहुधा मध्यम सुराच्या चिन्हावर एक कमान काढतात. अशी 819 मूळ चिन्हे आणि 345 कमानीची.

जोडाक्षरे नसल्यामुळे फाँट करणाऱ्याचे यांत्रिक काम सोपे. देवनागरीवाल्याला हेवा वाटावा इतके. पण हाताला विसावा नाही. शिवाय कमानीला जागा द्यायची तर खालचे चिन्ह दबते, आणि बारीक टाइपात कमान पुसट झाली की सूर बदलतो, म्हणजे शब्दच बदलतो.

1999 साली ही लिपी युनिकोडमध्ये आली, 1165 चिन्हांची. वरचे एक चिन्ह आवृत्तीचे आहे: मागचे अक्षर पुन्हा म्हणा, भजनाच्या वहीत आपण ओळीपुढे 2 लिहितो तसे. नोंदीत मात्र त्याला ‘वू’ नावाचे अक्षर ठरवले गेले. युनिकोडमध्ये एकदा दिलेले नाव बदलत नाहीत. चूक तशीच आहे, शेजारी दुरुस्तीचे दुसरे नाव जोडले आहे.

खरी गोम त्याआधीची आहे. 1980 साली सरकारने मंजूर केलेली प्रमाण लिपी शीदे भागातल्या उच्चारावर बेतलेली आहे. युन्नान, क्वेचौमधल्या यी लोकांची वळणे तीत नाहीत. ‘ल्यांगशान दैनिका’ची यी आवृत्ती निघते ती या प्रमाणीकरणामुळेच, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण लिपी जपली ती बिमो म्हणजे पुरोहितांनी, पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या नकलून, आणि त्यांच्या हातात एकाच अक्षराची अनेक रूपे आहेत. फाँटमध्ये एकच. पोथीतले दुसरे रूप छापायचे तर ते चित्र म्हणून चिकटवावे लागते. मग ते शोधताही येत नाही.