उन्हाळ्याच्या सुट्टींत पाहण्याजोगे चित्रपट

वार्षिक परीक्षा आटोपून शाळेस कुलूप लागलें म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातीं भरपूर वेळ येतो. सकाळ व सायंकाळ खेळण्यांत जाते. परंतु दुपारीं ऊन तापूं लागलें कीं घराबाहेर पडणें कठीण होतें, आणि 'आतां काय करावें?' हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळीं चित्रपट पाहण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. आजकाल तर त्यासाठीं चित्रगृहाची वाटही धरावी लागत नाहीं. घरोघरीं, किंबहुना प्रत्येकाच्या हातीं पडदा आहे. मात्र त्यामुळें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली आहे. एकाच घरांत वडील एक चित्र पाहतात, आई दुसरें आणि मुलें तिसरें. कोणीं काय पाहिलें याची वार्ता दुसऱ्यास नसते. म्हणून सर्व कुटुंबानें एकत्र बसून पाहावे असे मराठी चित्रपट कोणते व ते निवडावे कसे, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळ पालकांची अशी समजूत असते कीं, चित्रपटास 'यू' हें प्रमाणपत्र मिळालें म्हणजे आपलें काम संपलें. हें प्रमाणपत्र १९५२ च्या कायद्यास अनुसरून दिलें जातें. जेथें पालकांच्या देखरेखीची गरज, तेथें 'यूए' हें चिन्ह असतें. आणि २०२४ पासून त्यांतही ७, १३ व १६ वर्षांवरील अशा तीन पायऱ्या केल्या आहेत. ही व्यवस्था उपयुक्त असून पालकांनीं तें चिन्ह अवश्य पाहावें. परंतु चित्रपटांत अनुचित असें काय नाहीं, एवढेंच त्यावरून कळतें. त्यांत घेण्याजोगें काय आहे, हें कळत नाहीं. भेसळ नसलेलें अन्न पौष्टिक असतेंच असें नाहीं. आमच्या मतें उत्तम कौटुंबिक चित्रपटाची खूण ही कीं, तो संपल्यावर घरांतील लहानथोर एकमेकांशीं बोलूं लागतात.

या कसोटीस उतरणारा पहिला चित्रपट म्हणजे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). ३ मे १९१३ रोजीं, म्हणजे ऐन उन्हाळ्यांतच, मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्याच्या निर्मितीची ही हकीकत आहे. फाळक्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर काहीं क्षणांत रोप वाढतांना दाखविलें व भांडवल देणाऱ्याची खात्री पटविली. पत्नी सरस्वतीबाई यांनीं फिल्मला भोकें पाडण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सर्व भार वाहिला, आणि पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. स्त्रीपात्रासाठीं स्त्री मिळेना, म्हणून तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें. सर्व घरानें मिळून एक कार्य कसें तडीस न्यावें, हें हंसत हंसत शिकविणारा असा दुसरा चित्रपट आम्हांस आठवत नाहीं.

दुसरा, आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३). साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारलेला असून राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक त्यास लाभलें. रंग नाहींत म्हणून आरंभीं मुलें कंटाळतील; त्यांस थोडा धीर धरावयास सांगावें. घरांतील आजी-आजोबांनीं हें चित्र लहानपणीं पाहिलें असेल, तर त्यांस शेजारीं बसवावें. चित्रासमवेत त्यांच्याही आठवणी ऐकावयास मिळतील.

'टिंग्या' (२००८) यांत एका शेतकऱ्याच्या मुलाचा लाडका बैल चितंग्या जायबंदी होतो. कर्जांत बुडालेल्या बापापुढें त्यास कसायाला विकण्यावांचून मार्ग उरत नाहीं. शेजारची आजी आजारी पडली तर तिजवर उपचार होतात. मग बैलानेंच काय केलें, असा मुलाचा प्रश्न आहे. या प्रश्नाचें सोपें उत्तर कोणापाशींही नाहीं. बाप दुष्ट नाहीं, तो हतबल आहे, हें मुलांच्या ध्यानीं आणून द्यावें.

'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) ही पंढरपुरांतील कथा. वडील वारलेले, कर्जापायीं आईचें विणकामाचें यंत्र जप्त झालेलें, आणि वडिलांनीं स्वतः बनविलेली, 'एलिझाबेथ' नांवाची मुलाची सायकल विकण्याची पाळी आलेली. ती वांचविण्यासाठीं मुलें कार्तिकीच्या यात्रेंत बांगड्यांचें दुकान मांडतात. पोरांची भाषा कोठें कोठें रांगडी आहे; परंतु त्यांची जिद्द व मैत्री पाहून कोणाचेंही मन उचंबळून येईल.

पांचवा, 'श्वास' (२००४), थोड्या मोठ्या मुलांसाठीं. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनीं मराठी चित्रपटास राष्ट्रांतील सर्वश्रेष्ठ चित्रपटाचा मान मिळाला, तो यामुळें. कोंकणांतील एक आजोबा नातवाला उपचारार्थ शहरांत आणतात. डोळ्याच्या कर्करोगामुळें प्राण वांचवावयाचे तर दृष्टि गमवावी लागणार, असें निदान होतें. तें मुलाला सांगावें कोणीं व कसें? शस्त्रक्रियेपूर्वीं आजोबा नातवाला घेऊन निघतात, त्यास जग एकवार डोळे भरून दाखविण्यासाठीं. हें चित्र कोमल मनाच्या लहान मुलास एकट्यानें पाहूं देऊं नये. मात्र दुःखाची बातमी मुलांपासून लपवावी कीं सांगावी, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां येतोच. तो येण्यापूर्वीं त्यावर बोलावयास याहून चांगलें निमित्त नाहीं.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलांनीं गप्प राहावें म्हणून त्यांपुढें पडदा ठेवूं नये. आठवड्यांतून एक चित्र पुरे. परंतु तें पाहतांना स्वतः जवळ बसावें, आणि संपल्यावर लगेच तात्पर्य सांगूं नये. 'तूं त्याच्या जागीं असतास तर काय केलें असतेंस?' असें विचारून उत्तराची वाट पाहावी. आणि विद्यार्थिमित्रहो, वडील मंडळी कामांत गुंतलेलीं असलीं, तर तुम्हींच त्यांचा हात धरून त्यांस आणून बसवा. सुट्टी संपून शाळा भरेल तेव्हां पाहिलेल्या चित्रांतील पुष्कळ भाग तुम्ही विसरून जाल. त्या रात्रीं जेवतांना झालेलें बोलणें मात्र आठवत राहील.