पिवळ्या द्रावणातून निळे सूत

हाताने रंगवलेले सूत विकणारे एखादे छोटे दुकान तुमच्या गावात असेल, तर नुसत्या पुढच्या फळीवरील लड्या पाहून परत येऊ नका. मागच्या अंगणात रंगारी काम करीत असतो. खरी प्रयोगशाळा तीच. त्याची परवानगी घेऊन निळीचे पिंप तेवढे अवश्य पाहा.

पिंपावरचे झाकण काढले की निळा फेस आणि तांब्यासारखी चकाकणारी साय दिसते. ती बाजूला सारली, तर आतील द्रावण मात्र निळे नसून हिरवट पिवळे असते! त्यात बुडवलेली लडी बाहेर येते तीही हिरवट पिवळीच. रंगारी ती पिळून दोरीवर टांगतो आणि पाहता पाहता ती आधी हिरवी, मग निळी होते. मग हा निळा रंग आला कोठून?

हवेमुळे! निळीचा निळा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो धाग्यात मुरतही नाही. म्हणून रंगारी पिंपात चुना व गूळ घालून मिश्रण आंबवतो. या क्रियेत निळीचे क्षपण होते, म्हणजे तिच्या प्रत्येक रेणूला हायड्रोजनचे दोन अणू मिळतात. हे नवे रूप चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात विरघळते व धाग्यात शिरते. त्याला ल्यूको नीळ म्हणतात. ‘ल्यूको’ म्हणजे पांढरा. लडी बाहेर काढताच हवेतील ऑक्सिजन ते दोन अणू काढून घेतो. नीळ मूळ रूपात येते आणि धाग्यातच अडकून बसते.

आता रंगाऱ्याच्या सवयींचा अर्थ लागतो. लडी आधी पाण्यात उकळायची, म्हणजे धाग्यांमधली हवा निघून जाते. ती पिंपात हळूच सोडायची. बुडबुड्यांबरोबर ऑक्सिजन आत गेला, तर नीळ पिंपातच तयार होऊन वाया जाईल. गडद रंगासाठी लडी नुसती जास्त वेळ बुडवून भागत नाही. बुडवणे, हवा देणे, पुन्हा बुडवणे असे अनेकदा करावे लागते. गडद लडी महाग का, हे घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाने ध्यानात घ्यावे.

रंग हाताला लागतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मंजिष्ठेच्या लाल रंगाला तुरटीतील ॲल्युमिनियम धाग्याशी बांधून ठेवते. निळीला असा दुवा नसतो. पाण्याने ती विरघळत नाही, पण घासल्याने झिजते. जीनच्या विजारी गुडघ्यांवर पांढुरक्या पडतात त्या यामुळेच. लडीवर पांढरा रुमाल घासून पाहा; फारच निळा झाला तर रंगवल्यावर सूत नीट धुतलेले नाही असे समजावे.

झाडाची नीळ अस्सल आणि कारखान्यातील नकली, असेही सांगितले जाते. ते बरोबर नाही. दोन्हींतील निळ्या द्रव्याचा रेणू एकच. झाडाच्या निळीत इतर काही पदार्थ मिसळलेले असतात, एवढेच. या रेणूची रचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी १८८३ साली उलगडली आणि १८९७ साली कारखान्यातील नीळ बाजारात आली. तिच्या स्वस्ताईने भारतातील निळीचा धंदा बसला. बिहारमधील चंपारणात शेतकऱ्यांवर दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ पेरण्याची सक्ती होती. मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने त्यांच्याच माथी मारला. १९१७ साली गांधीजी तेथे गेले ते या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी.

सूत विकत घ्याल तेव्हा एका कामाला लागेल तेवढे एकदम घ्या. पिंपातील नीळ रोज थोडी कमी होते, थंडीत आंबण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे आजच्या लडीशी पुढच्या महिन्यातली लडी जुळेलच असे नाही.