आधीं खांब, मग मजला

जुन्या वाड्यावर नवा मजला चढवावयाचा झाला म्हणजे घरांतील वडीलधारीं माणसें प्रथम खालचे खांब ठोकून पाहतात. मजला चारचौघांच्या नजरेंत भरतो, खांबांकडे कोणी पाहत नाहीं. परंतु भार त्यांनाच वाहावा लागतो. मोटारींतील एंजिन आणि गिअरबॉक्स यांचें नातें असेंच आहे. जुन्या स्पोर्ट्स मोटारींत मजबूत गिअरबॉक्स बसविण्याची खटपट हौशी लोक कां करतात, हें आम्ही आज एका इंग्रजी मोटारीच्या उदाहरणावरून वाचकांस सांगणार आहों.

ही मोटार म्हणजे ‘एमजीबी’. इंग्लंडांतील ॲबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे. बुटका, सुबक बांधा. १७९८ घन सेंटिमीटरांचें चार सिलिंडरांचें लोखंडी एंजिन आणि त्यामागें चार गिअरांचा बॉक्स. प्रारंभींच्या मोटारींत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडींत तो गिअर टाकतांना चक्रांची गति चालकानेंच एंजिनाच्या वेगावरून जुळवावयाची. नाहीं तर दांत कर्कश आवाज करीत. १९६७ सालीं ही उणीव दूर झाली. त्या एंजिनापुरता हा गिअरबॉक्स समर्थ होता, आणि ज्यांच्या मोटारींत आजही तेंच एंजिन आहे त्यांनीं त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

प्रश्न उत्पन्न झाला तो एंजिन बदलल्यावर. अमेरिकेंतील ब्यूइकच्या आठ सिलिंडरांच्या ॲल्युमिनियमच्या एंजिनाचे हक्क रोव्हर कंपनीनें १९६५ सालीं घेतले होते. हें एंजिन ३५२८ घन सेंटिमीटरांचें. तरी हलक्या धातूचें असल्यामुळें एमजीबीच्या लोखंडी एंजिनाहून वजनांत फारसें अधिक नव्हतें. केन कॉस्टेलो या इंग्रज गृहस्थानें १९७० च्या सुमारास तें एमजीबींत बसविण्यास प्रारंभ केला. पुढें १९७३ ते १९७६ या काळांत कारखान्यानेंही ‘एमजीबी जीटी व्ही-८’ या नांवानें अशा २५९१ मोटारी काढल्या. एंजिनाचा पीळ, म्हणजे दंड फिरविण्याचा जोर, पूर्वीं सुमारें १५० न्यूटन-मीटर होता. तो आतां २६० च्या घरांत गेला. गिअरबॉक्स मात्र घराण्यानें जुनाच, थोडाबहुत बळकट केलेला. त्याला जोडलेलें ओव्हरड्राइव्ह प्रथम तिसऱ्या व चौथ्या अशा दोन्ही गिअरांवर चाले. कांहीं काळानें कारखान्यानें तें चौथ्यापुरतेंच ठेवलें. मजला चढला, पण खांब तेच राहिले!

गिअरबॉक्सवर भार पडतो तो कसा? पहिल्या गिअरांत एंजिनाचा पीळ तिपटीहून अधिक होऊन बाहेर पडतो. आंतील दंडांवरचीं दांतेरी चक्रें एकमेकांस रेटीत असतात आणि त्या रेट्यानें दंड परस्परांपासून दूर जाऊं पाहतात. जात्याचा खुंटा मध्याजवळ ठोकला तर दळणारीचा हात भरून येतो, कडेजवळ असला तर तेंच जातें हलकें फिरतें. हें आमच्या भगिनीवर्गास सांगावयास नकोच. तोच न्याय येथेंही लागू आहे. दंडांमधील अंतर वाढलें म्हणजे चक्रें मोठीं करतां येतात, आणि त्याच पिळासाठीं दांतावर पडणारा जोर कमी होतो.

१९७६ सालीं रोव्हरच्या ‘एसडी-१’ मोटारीबरोबर पांच गिअरांचा ‘एलटी ७७’ बॉक्स आला. त्याच्या नांवांतील ७७ हा आंकडा दंडांमधील मिलिमीटरांतील अंतर दाखवितो. त्याचीच सुधारलेली आवृत्ति म्हणजे १९९४ चा ‘आर ३८०’. ३८० न्यूटन-मीटर पीळ सोसण्याची त्याची शक्ति हेंच त्याचें नांव. हे बॉक्स रोव्हरच्या त्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाशीं सहज जुळतात, म्हणून हौशी लोकांची दृष्टि त्यांच्याकडे वळली. पुढें १९९३ ते १९९५ मध्यें एमजीबीच्याच सांगाड्यावरून ‘आरव्ही-८’ ही मोटार काढण्यांत आली, तेव्हां तिच्यांतही आधीं एलटी ७७ आणि मागून आर ३८० घातला गेला.

मात्र हें काम एक पेटी काढून दुसरी ठेवण्याइतकें सोपें नव्हे. नवा बॉक्स आकारानें मोठा. त्यासाठीं मोटारीच्या तळाचा बोगद्यासारखा भाग रुंद करावा लागतो, मागचा आधार नवा करावा लागतो आणि मागील धुरेकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट मापानें बनवून घ्यावा लागतो. त्याच्या दोन टोकांच्या सांध्यांचे कोन जुळले नाहींत तर वेग वाढतांच सारी गाडी थरथरूं लागते. गिअरचा दांडा हाताशीं येतो कीं नाहीं, क्लच नव्या भारास पुरेसा आहे कीं नाहीं, वेगदर्शक खरें सांगतो कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें. तेलाचीही गोष्ट ध्यानांत ठेवावी. एमजीबीच्या मूळ बॉक्सांत एंजिनाचेंच तेल घालतात. नव्यांत त्याच्या कर्त्यानें सांगितलेलेंच घालावें. आणि केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं कोणींही, क्षणभरसुद्धां, शिरूं नये. जिवापुढें मोटारीची मातब्बरी ती काय?

वडिलांनीं हौसेनें घेतलेली मोटार मुलाच्या हातीं आली म्हणजे इंग्लंडांतील घरांतही मतभेद होतात. ती होती तशीच जपावी असें एकाला वाटतें, ती रस्त्यावर धांवती राहावी असें दुसऱ्याला. आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें आदरणीय आहे. मूळ एंजिन असेल तर मूळ बॉक्स दुरुस्त करून ठेवणेंच शोभतें. परंतु एंजिन आधींच मोठें केलें असेल तर मजबूत गिअरबॉक्स ही चैन नव्हे, तें कर्तव्य आहे. आणि त्याच्याबरोबर ब्रेकही तपासले पाहिजेत. काढलेला जुना बॉक्स विकूं नये. तेल लावून, गुंडाळून ठेवावा. केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद करावी आणि विमा कंपनीस ती कळवावी. पुढच्या पिढीस मोटार पूर्ववत् करावीशी वाटली तर तिची वाट मोकळी राहील. शक्ति मिळविण्याची हौस कोणास नसते? पण ती पेलणाऱ्याची विचारपूस जो आधीं करतो, त्याचीच हौस टिकते.