धुरामागचे डबे

यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज गाडीची, म्हणजे आपल्या ‘शकुंतले’ची, जुनी छायाचित्रे मी काही वर्षांपासून जमवतो आहे. ती दोन प्रकारची मिळतात. पहिली, बाहेरून मुद्दाम कॅमेरा घेऊन आलेल्या हौशी लोकांची. यात इंजिन समोरून येते, वर धुराचा लोट, बाजूला पळस नाहीतर साग, आणि माणूस जवळजवळ नसतोच. दुसरी, दारव्हा-कारंज्याकडच्या घरांतल्या अल्बममधली. यात माणसेच माणसे असतात आणि गाडी मागे चुकून आलेली असते. पहिला प्रकार जपला गेला, छापला गेला. दुसरा दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. या गाडीचा खरा पुरावा मात्र दुसऱ्याच प्रकारात आहे, असे माझे मत बनले आहे.

आधी या रेल्वेविषयी थोडे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, तिचा हा मार्ग. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत आणखी ७६. मुख्य हेतू कापसाचा. वऱ्हाडातल्या गाठी मुंबई–नागपूर मार्गावरच्या मूर्तिजापूरला आणायच्या, तिथून मुंबई आणि पुढे बोटीने मँचेस्टर. गंमत म्हणजे ही गाडी वर्षानुवर्षे ओढणारे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बांधलेले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते कामावरून उतरले आणि डिझेल इंजिन आले. स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खासगी कंपनीची आणि गाडी चालवणार सरकारी रेल्वे, असा हा अजब संसार होता.

१९९४ची ही तारीख छायाचित्र वाचणाऱ्याच्या फार उपयोगाची. वाफेचे इंजिन दिसले की चित्र त्या एप्रिलच्या आधीचे. महिना झाडे आणि पिके सांगतात. पळस फुललेला असेल तर फाल्गुनाच्या आसपासचे दिवस. कृष्णधवल चित्रात केशरी रंग नसतो, पण पाने नसलेल्या फांद्यांवरचे गडद गुच्छ ओळखू येतात. शेतात बोंडे फुटलेली असतील तर दिवाळीच्या पुढेमागे. सोयाबीन आपल्याकडे सगळीकडे पसरले ते नव्वदच्या दशकात. त्यामुळे वाफेचे इंजिन आणि सोयाबीनचे शेत एकाच चौकटीत सापडले तर काळ बराच आखडतो.

हौशी लोकांची चित्रे एकसारखी का दिसतात, याचे उत्तरही असेच साधे आहे. थंड हवेत वाफ लगेच गोठून पांढरी दिसते. उन्हाळ्याच्या दुपारी तीच वाफ दिसेनाशी होते. म्हणून छायाचित्रकार हिवाळ्यातली सकाळ पसंत करतो. ऊन पाठीशी घेऊन वळणावर उभा राहतो आणि कॅमेरा खाली धरतो, म्हणजे छोटे इंजिनही थोरले वाटते. हाच काळ कापसाच्या हंगामाचा. भरलेल्या बंड्या जिनिंगच्या वाटेला लागलेल्या असतात, पण त्या चौकटीत क्वचितच येतात.

आज जगभरच्या प्रवासविषयक मासिकांत हिरव्या रानातून जाणारी छोटी आगगाडी दाखवली की खाली ‘पर्यावरणस्नेही प्रवास’ असे लिहिण्याची रीत पडली आहे. इथे जरा थांबायला हवे. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही ओढण्याच्या कामी लावू शकत नाही. आपण ज्या धुराच्या आणि वाफेच्या प्रेमात पडतो, त्यांतूनच बरीचशी उष्णता वाया जात असते. रेल्वेचा खरा फायदा चाकाखाली आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना होणारा विरोध रबरी टायरच्या मानाने कितीतरी कमी असतो. पण हा फायदा माणशी मोजायचा असतो. डबे रिकामे असतील तर सभोवतालचे रान कितीही हिरवे असो, हिशेब जमत नाही. म्हणजे गाडी पर्यावरणाला मानवते की नाही, हे इंजिनाच्या चित्रातून कळतच नाही. त्यासाठी डब्यात किती माणसे होती ते दिसले पाहिजे. आणि ते घरगुती फोटोंत दिसते.

मला मिळालेल्या एका फोटोत लग्नाहून परतणारी मंडळी फलाटावर उभी आहेत. फोटो हललेला, कडेच्या माणसाचे डोके कापलेले. पण मागच्या डब्याच्या प्रत्येक खिडकीत दोन-तीन चेहरे आहेत, दारात पोत्यावर एक म्हातारा बसला आहे, आणि लुगडे नेसलेली एक बाई डोक्यावरची टोपली न उतरवताच आत शिरते आहे. तिच्यासारख्यांसाठी ही गाडी होती. एसटीपेक्षा भाडे बरेच कमी, आणि टोपलीसकट चढता येई. वेळ लागायचा खरा. ज्याला घाई होती तो एसटीने जाई.

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची अशीच अरुंद रेल्वे आहे. पाटीच्या दगडासाठी बांधलेली ही गाडी बंद पडायला आली, तेव्हा १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. जगात असे प्रथमच घडले. चाहत्यांमुळे ती वाचली, पण आता ती सुटीत फिरायला जाण्याची गाडी आहे. आपल्याकडे दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. १९०७ पासूनची नेरळ–माथेरान गाडीही पर्यटकांच्या जिवावर टिकून आहे. शकुंतलेच्या वाटेवर हिमालय नाही, थंड हवेचे ठिकाण नाही. तिची यवतमाळ बाजू गेल्या दशकात थांबली. तेव्हा निरोपाचे लेख आले, त्यांसोबत बहुतेक इंजिनाचेच फोटो होते. ब्रॉडगेजची मागणी करणाऱ्यांना रोज माणसे किती जायची हे दाखवायचे असते, आणि तिथे धुराचे चित्र काही कामाचे नसते.

म्हणून ज्यांच्या घरी या मार्गावरचे फोटो असतील त्यांनी ते हललेले, काळे पडलेले म्हणून टाकू नयेत. फलाट, पाटी, खिडकी, सामान, तिकीट हातात धरलेला माणूस, यांतले काहीही असले तरी चालेल. फोटोतले लोक कोण हे सांगू शकणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. तिला विचारून घेणे आधी.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब ब्रॉडगेज सुरू झाली. ती पुढे यवतमाळमार्गे नांदेडला जायची आहे. पहिल्या दिवसाचे फोटो सगळ्यांनी काढले, हार घातलेल्या इंजिनाचे. मी कळंबला जातो तो एरवीच्या दिवशी, आणि डब्याच्या दाराशी उभा राहतो. कोण उतरले, हातात काय होते, गर्दी किती, एवढेच टिपतो. चेहरा जवळून घ्यायचा तर आधी विचारतो. छापून आणलेल्या प्रतीच्या पाठीमागे तारीख, स्थानक आणि गाडीची दिशा लिहून ठेवतो. पेन्सिलने, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.