एक हजार चोवीस वेळा

दिसायला हे यंत्र साधंच आहे. टेबलाच्या उंचीवर आडवा सरकणारा, सांधे असलेला धातूचा हात, त्याच्या टोकाला मूठ आणि समोर पडदा. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेला रुग्ण खुर्चीत बसतो. त्याचा कोपरापुढचा हात पन्हळीसारख्या आधारात पट्ट्यांनी अडकवतात, बोटं मुठीभोवती बसवतात आणि छातीवरून आणखी एक पट्टा घेतात. तो पट्टा महत्त्वाचा. हात पुढे जात नसला की माणूस नकळत अख्खं धड पुढे झुकवून वेळ मारून नेतो. पट्ट्यामुळे ती पळवाट बंद होते.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी 1989च्या सुमारास हे काम हाती घेतलं. यंत्राचं नाव ठेवलं एमआयटी-मानुस. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट प्लेन्सच्या बर्क पुनर्वसन रुग्णालयात 1994 साली त्याच्यावर रुग्णांच्या चाचण्या सुरू झाल्या. तिथले मेंदूविकारतज्ज्ञ ब्रूस व्होल्पे या कामात होते.

खरी करामत आहे ती या यंत्राच्या मऊपणात. मोटारीच्या कारखान्यातला रोबो ठरलेल्या रेषेवरून चालतो आणि मध्ये जे येईल त्याला बाजूला सारतो. तसला रोबो दुखऱ्या खांद्याशी जोडला तर रुग्णाची खैर नाही. होगन यांनी 1985मध्ये वेगळं सूत्र मांडलं होतं. यंत्राने फक्त जागा ठरवायची नाही, समोरून जोर आला तर किती नमायचं, किती अडवायचं, हेही ठरवायचं. मानुस त्या सूत्रावर चालतं. रुग्णाने मूठ ढकलली तर यंत्राचा हात सहज मागे सरकतो. रेषेवरून वाट चुकली तर दगडी भिंत लागत नाही, स्प्रिंग ओढल्यासारखा हलका ताण जाणवतो.

पडद्यावर मध्यभागी एक ठिपका असतो आणि भोवती वर्तुळात आठ. मधल्या ठिपक्यापासून बाहेरचा ठिपका 14 सेंटीमीटरवर. रुग्णाने मूठ सरकवून खूण बाहेर न्यायची आणि परत मध्ये आणायची. जमलं तर यंत्र गप्प राहतं. थोडा वेळ वाट पाहूनही हात हललाच नाही, तर ते हळूच पुढे नेतं. रुग्ण जसजसा स्वतः करू लागतो, तसतसं यंत्र आपली मदत आखडती घेतं. आठ ठिपक्यांवर जाऊन येणं म्हणजे 16 हालचाली. आधी 16 मदतीविना, मग 320 मदतीसह, पुन्हा 16, पुन्हा 320, असं करत एका बैठकीत तब्बल 1024 हालचाली होतात.

हा आकडा मोठा का म्हणायचा, ते कळायला दुसरा आकडा हवा. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सात केंद्रांवरच्या 312 उपचार-बैठकी प्रत्यक्ष पाहून हालचाली मोजल्या आणि 2009मध्ये निष्कर्ष छापले. ज्या बैठकींत हाताच्या उपयोगी हालचाली करून घेतल्या, तिथे सरासरी होती 32. हजार कुठे आणि बत्तीस कुठे! फिजिओथेरपिस्ट कामचुकार असतात असं नाही. त्याच वेळात रुग्णाला उभं करायचं असतं, चालवायचं असतं, रक्तदाब पाहायचा असतो, धास्तावलेल्या नातेवाइकांशी बोलायचं असतं. शिवाय दुसऱ्याचा जड, निर्जीव हात हजार वेळा उचलला तर उचलणाऱ्याचीच कंबर जाईल.

पुन्हापुन्हा करण्याचा आग्रह कशासाठी? रँडॉल्फ नूडो यांनी 1996मध्ये माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूतल्या इजेनंतर ज्या माकडांना सराव दिला नाही, त्यांच्या मेंदूत हाताला नेमून दिलेली उरलीसुरली जागाही आक्रसत गेली. सराव मिळालेल्यांची टिकली, काहींची वाढलीसुद्धा. आपल्या घरांत नेमकं उलट होतं. "तुम्ही राहू द्या हो, मी भरवते," असं मायेने म्हणत चमचा दुसरंच कुणीतरी हातात घेतं. सकाळ-संध्याकाळ तेल चोळलं जातं, पण त्या वेळी हात असतो निपचित आणि मेहनत होते चोळणाऱ्याची.

म्हणजे यंत्र आणलं की काम झालं? इथे हिशेब जरा अवघड होतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 127 जणांवर मोठी चाचणी झाली. झटका येऊन किमान सहा महिने उलटलेले हे लोक. 12 आठवड्यांत 36 बैठकी. निष्कर्ष 2010मध्ये आले: तितक्याच जोमाने माणसाने करून घेतलेल्या व्यायामापेक्षा यंत्र सरस ठरलं नाही. नेहमीच्या उपचारांशी तुलना करता 12 आठवड्यांनी दखलपात्र फरक नव्हता. 36 आठवड्यांनी थोडा दिसला.

ब्रिटनमधल्या 770 रुग्णांच्या 'रॅटल्स' चाचणीचे निकाल 2019मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि उत्साहावर पाणी पडलं. हाताच्या वापरात ठरवलेली सुधारणा यंत्राच्या गटात 44 टक्क्यांना साधली, नेहमीच्या उपचारांच्या गटात 42 टक्क्यांना आणि थेरपिस्टने जादा सराव दिलेल्या गटात 50 टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हे फरक टिकणारे नव्हते. यंत्रावरच्या रुग्णांच्या हालचाली मोजपट्टीवर किंचित सुधारल्या, पण कप उचलणं, बटण लावणं इथपर्यंत ती सुधारणा पोचली नाही.

मला यात नवल वाटत नाही. ठिपक्यापर्यंत हात नेणं शिकलेला माणूस ठिपक्यापर्यंत हात नेण्यात तरबेज होतो. भाकरीचा तुकडा मोडायला बोटं लागतात, मनगट लागतं, डोळ्यांचं लक्ष लागतं. यंत्राला बाद ठरवण्याचं मात्र कारण नाही. ते कंटाळत नाही आणि मोजण्यात चुकत नाही. हालचाली घडवण्याचं ओझं त्याच्यावर टाकावं आणि थेरपिस्टने मोकळ्या झालेल्या वेळात कप, कंगवा, कुलूप-किल्ली यांच्याकडे वळावं, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते.

भारतात किंमत हा आणखी एक अडसर. म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आयआयटी मद्रासबरोबर विकसित केलेलं 'प्लूटो' मला जास्त आशादायक वाटतं. एकाच मोटरला वेगवेगळे जोड लावायचे आणि मनगट, कोपरापुढचा भाग, मुठीची उघडझाप यांचा सराव करायचा, अशी त्याची आटोपशीर रचना आहे.

घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल तर रोबो असलेलं रुग्णालय शोधण्याआधी आपल्या फिजिओथेरपिस्टला दोन गोष्टी विचारा: यांनी स्वतः, आपल्या बळावर, रोज कोणती हालचाल करायची आणि किती वेळा? उत्तर वहीत लिहून घ्या, वही रुग्णाच्या पलंगाजवळ ठेवा आणि रोजचा आकडा त्यात मांडत जा.